फुटबॉलला पाठवू का?

प्रश्न : मुलगा नववीत. कोरोनातून नुकताच बरा झालाय. शाळेत फुटबॉलचा सराव सुरू होतोय. पाठवू का? – एक आई, डिचोली

उत्तर : पाठवा ताई, पण थेट सामन्याला नको. कोरोनानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. मग चालणं, हलकं धावणं, त्रास नसेल तरच चेंडू. छातीत दुखलं, धडधडलं, घेरी आली की तिथंच थांबायचं. मी शाळेत खेळ शिकवतो. संसर्गाचं म्हणाल तर उघड्या मैदानाची मला तेवढी धास्ती नाही. धास्ती आहे ती पाऊस आला की ओल्या जर्सीनिशी एका खोलीत कोंबलेल्या पोरांची, आणि तोंडातोंडी फिरणाऱ्या एकाच बाटलीची. त्याची बाटली वेगळी द्या. अंगात कणकण असेल त्या दिवशी घरीच ठेवा, आमच्यातला कुणी सर कितीही रागावला तरी.