वाडीवर इंटरनेट: पट्टा कोणता, विचारण्याआधी साग बघा

प्रश्न : फायबर पोचलेली ग्रामपंचायत आमच्या वाडीपासून 5 किलोमीटरवर. तिथून डिश लावून बिनतारी लिंकने इंटरनेट आणायचंय. लहरींचा पट्टा 2.4 गिगाहर्ट्झचा घ्यावा की 5.8चा?

समोरचं छप्पर दिसतंय ना? मग 5.8च. 2.4 लांब जातं म्हणतात, पण तेवढीच डिश 5.8 वर झोत जास्त आवळून टाकते, त्यामुळे ती बढाई डिशच्या लिंकला लागू पडत नाही. शिवाय 2.4 म्हणजे बाजारच्या दिवशीची एसटी: घरोघरचे राउटर, ब्लूटूथ सगळे त्यातच, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन.

नुसतं दिसून मात्र भागत नाही. नजरेच्या रेषेभोवतीही मोकळीक लागते. 5 किलोमीटरच्या बरोबर मध्यावर 5.8 ला सुमारे 8 मीटर त्रिज्येची, 2.4 ला साडेबारा मीटरची. त्यातली निदान 60 टक्के तरी रिकामी हवी.

प्रश्न : मार्चमध्ये लावलेली लिंक झकास होती, जुलैपासून रोज तुटते. पावसामुळे?

या पट्ट्यात पाऊस फारसं बिघडवत नाही. मध्ये साग आहे का? उन्हाळ्यात तो बोडका असतो, पावसाळ्यात सुपाएवढी पानं, तीही ओलीचिंब. शिमग्याच्या सुमारास आरपार दिसणारी रेषा आषाढात बुजते. मीही एकदा असाच फसलोय, आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असेल म्हणून दोनदा खांबावर चढलोय. (तेही बघाच.) पट्टा बदलून उपयोग नाही. खांब उंच करा, नाहीतर दुसऱ्या टेकडीवरून वळसा घ्या.

प्रश्न : 865 मेगाहर्ट्झ झाडांतूनही जातं म्हणे?

बऱ्यापैकी जातं. पण तिथे चॅनेल 200 किलोहर्ट्झचे, म्हणजे फारच अरुंद. टाकीत पाणी किती, पंप चालू की बंद, एवढं कळवायला उत्तम. वाडीला इंटरनेट पुरवायला नाही. टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या पट्ट्यांवर आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यात प्रयोग केलेत, पण तो पट्टा आपल्याला तसाच वापरता येत नाही.

प्रश्न : परवाना लागतो का?

5150 ते 5350 आणि 5470 ते 5875 मेगाहर्ट्झ हे पट्टे 2018 पासून उघड्यावरही परवानामुक्त आहेत. शक्तीची मर्यादा पाळायची आणि मान्यताप्राप्त उपकरण घ्यायचं. लहर फुकट म्हणून इंटरनेट विकायलाही मोकळीक, असं मात्र नाही. शेजाऱ्यांकडून पैसे घेणार असाल तर पीएम-वाणी या सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेखाली वायफायचं दुकान थाटा. त्या दुकानदाराला वेगळा परवाना लागत नाही.