साहेबांना ‘वेल डन’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: “आमची टीम अमेरिकेतली. तिथल्या मॅनेजरला बढती मिळाली म्हणून मी ग्रुपवर ‘वेल डन’ टाकलं. एक सहकारी म्हणाला, साहेबांना असं लिहीत नाहीत. बाकीचे कुडोज, प्रॉप्स, यू किल्ड इट असलं काय काय लिहितात. त्यातलं मी काय वापरावं?”

सहकाऱ्याचं बरोबर आहे. ‘वेल डन’ची जात आपल्या ‘शाब्बास’ची. मास्तर पोराला शाब्बास म्हणतात, पोरगं मास्तरांना म्हणत नाही. (हे शाब्बास मूळचं फारसी ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदात राहा’. तोही एका अर्थी आशीर्वादच.) ‘गुड जॉब’चीही तीच गत. ‘अ‍ॅटाबॉय’ तर पाठीवर थाप मारल्यासारखं. बरोबरीच्या माणसालासुद्धा खटकू शकतं. साहेबांची बढती असेल तर ‘काँग्रॅच्युलेशन्स, वेल डिझर्व्ड’ लिहून मोकळं व्हावं.

कुडोजला मात्र वरखाली नाही, कोणालाही चालतं. शब्द ग्रीक, अर्थ कीर्ती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या विद्यापीठांतल्या पोरांच्या तोंडी तो रुळला. शेवटचा ‘स’ मूळ शब्दातलाच आहे, पण लोकांनी ते अनेकवचन समजून ‘कुडो’ असं एकवचनही पाडलं. प्रॉप्स हे ‘प्रॉपर’वरून आलेलं, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतलं, हिप-हॉपने ते सगळीकडे नेलं. कुडोजपेक्षा थोडं सैल, इतकंच.

खरी गंमत मारामारीच्या शब्दांत आहे. ‘यू किल्ड इट’ म्हणजे मैदान मारलंस. स्टँड-अपवाले कार्यक्रम रंगला की ‘आय किल्ड’ म्हणतात आणि पडला की ‘आय डाइड’. पण म्हणून ‘मर्डर’ त्याच हिशेबाने वापरायला जाऊ नका. गाणं ‘किल’ केलं तर वाहवा. ‘मर्डर’ केलं म्हणजे बहुतेक वेळा गाण्याची पार वाट लावली. ‘बॉम्ब’चं आणखी वेगळं. अमेरिकेत नाटक ‘बॉम्ब’ झालं तर ते आपटलं, आणि ब्रिटनमध्ये ‘वेंट लाइक अ बॉम्ब’ म्हणजे धडाक्यात चाललं.

मराठी माणसाने सगळ्यात जपून राहायचं ते आर्टिकलला. ‘द’, ‘अ’ गाळायची आपल्याला सवय, कारण मराठीत ते प्रकरणच नाही. एरवी त्याने फारसं बिघडत नाही. पण ‘यू आर द शिट’ म्हणजे ‘तुझ्यासारखा तूच’, आणि त्यातला ‘द’ गळला की सरळ शिवी! मित्रांमध्ये ऐकलंत तर हसा. ऑफिसात ‘द’सकटही नको. ‘सिक’चंही तसंच. ‘दॅट्स सिक’ ही एखाद्या कामाला दाद. ‘यू आर सिक’ म्हटलं तर समोरचा डोळे वटारू शकतो. वाईट शब्दाने कौतुक करणं आपल्याला नवं नाही. ‘काय खतरनाक गायलीस!’ म्हटल्यावर कोणी घाबरत नाही, पण ‘ती बाई खतरनाक आहे’ हे कौतुक असेलच असं नाही.

‘गोट’ हल्ली क्रिकेटमुळे आपल्याकडेही पोचलंय: ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ची आद्याक्षरं. अमेरिकी खेळांत पूर्वी ‘गोट’ म्हणजे ज्याच्यामुळे सामना गेला तो, बळीचा बकरा. जुन्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा.

‘वे टू गो’ आणि ‘गुड फॉर यू’ ही जोडी लिहिताना टाळाच. तोंडाने, हसून म्हटलं तर कौतुक. पण ग्रुपवर सूर ऐकू येत नाही, आणि कोणाची फाइल उडाल्यावर ‘वे टू गो’ आलं तर तो सरळ टोमणा असतो. ऑस्ट्रेलियन माणसाचं ‘गुड ऑन या’ मात्र मनापासूनचं समजायला हरकत नाही, आणि आयरिश माणूस ‘फेअर प्ले टू यू’ म्हणाला तर त्याचा सामन्याच्या नियमांशी संबंध नाही. तो ‘मानलं बुवा’ म्हणतोय.