पणजोबांचं धैर्य आणि तुझा उद्धटपणा

राजा,

शनिवारी जेवताना तू विचारलंस, "पणजोबांनी बापाचा धर्म सोडला त्याला तुम्ही धैर्य म्हणता. मी फक्त दृढीकरणाच्या, म्हणजे लहानपणीचा बाप्तिस्मा आपल्या तोंडानं पक्का करायच्या, वर्गाला बसणार नाही, रविवारी चर्चला येणार नाही म्हटलं, तर तो उद्धटपणा कसा?" बाबांना हसू आलं. मला झोंबलं. मी "आधी ताट संपव" म्हणाले आणि तू ताट उचलून वर निघून गेलास.

तोंडानं बोलायला गेले तर आपलं भांडण होईल, म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहितेय, कारण हे मला इंग्रजीत नीट सांगता येत नाही. अडलं तर बाबांना विचार.

पणजोबांची गोष्ट तू ऐकली आहेस ती घासूनपुसून लख्ख केलेली. खानापूरकडचं गाव, तरुण मुलगा, मिशनच्या शाळेत शुभवर्तमान वाचतो, बाप्तिस्मा घेतो, जमिनीवर आणि विहिरीवर पाणी सोडतो. नाताळाला ही गोष्ट सांगताना आबांचा, माझ्या वडिलांचा, आवाज चढायचा. पण आत्याआजी, पणजोबांची लेक, सांगायची ती गोष्ट निराळी होती. तिच्या गोष्टीत पणजोबा कुठल्या पाळकाला पुढं न करता एकटे घरी गेले आणि अंगणात उभं राहून बापाला म्हणाले, मी हे केलं आहे. बाप एक शब्द बोलला नाही. आईनं पत्रावळीवर भाकरी आणून अंगणातच ठेवली. पुढं कितीतरी वर्षं ते गावी गेले की भाकरी अंगणातच मिळायची, आणि ते तिथंच बसून खायचे. "मला भूक नाही" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मला तर बाप्तिस्म्यापेक्षा हेच जास्त अवघड वाटतं.

आणि पणजीला कोणी विचारलं होतं का? आत्याआजी एवढं म्हणून गप्प बसायची. लग्न झालेलं होतं, पणजी मागोमाग आली. तिला यायचं होतं की नाही, ते कोणाला ठाऊक नाही.

हे फक्त आपल्याच घरात झालं असंही नाही. बाबा पदमनजी आपल्या बेळगावचेच. जन्म 1831 चा, मिशनच्या शाळेत शिकलेले. 1854 मध्ये बाप्तिस्मा बेळगावातच घेतला. कासाराच्या घरातला शिकलेला मुलगा, त्या काळात केवढी खळबळ झाली असेल! पण त्यांची पहिली बायको त्यांच्याबरोबर आली नाही. पुढं तीनच वर्षांत त्यांनी विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिलं, ज्याला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात. आपल्या मोकळं होण्याची किंमत घरातल्या बाईनं मोजली हे त्यांना टोचलं असेल का? मला उगाच वाटतं की टोचलं असेल. पुरावा काही नाही.

तर आता तुझं उद्धटपणाचं. आत्याआजीला नर्सिंगला जायचं होतं, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात. पणजोबा नाही म्हणाले. ज्या माणसानं स्वतःच्या बापाला अंगणात उभं राहून सांगितलं, तोच मुलीला म्हणाला, "बापाचा शब्द मोडायचा नाही, बायबलमध्ये लिहिलं आहे." लिहिलं आहेच. ती गेली तरीही. आधी तोंडावर सांगितलं, मग पत्र्याची ट्रंक घेऊन मिरजेची गाडी धरली. वर्षभर पणजोबांनी तिला पत्र टाकलं नाही. घरात तिचं नाव 'हट्टी' पडलं. मी लहान होते तेव्हाही मोठी माणसं "ती ना, हट्टी आहे" असंच म्हणायची. ती गेल्यावर स्मरणाच्या उपासनेत मात्र तिला धाडसी म्हणाले. आबा स्वतः म्हणाले. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला हसू आवरेना.

म्हणजे तुझा प्रश्न आपल्या घरात जुनाच आहे. विचारणारा नवा आहे, एवढंच.

मी मात्र कधी नाही म्हटलं नाही. आमच्या रविवारी बोलायला जागाच नसायची. सकाळी बूट पॉलिश, आईनं ओल्या फणीनं घट्ट घातलेल्या वेण्या, मग कॅम्पात चालत. आबा वाटेत वचन म्हणून घ्यायचे, अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. आधी मराठी उपासना, मागून कन्नड. आमची पेटी-तबल्यावरची भजनं लांबली की बाहेर पायरीवर कन्नड मंडळी ताटकळायची, आणि एक नोव्हेंबरच्या, कर्नाटकच्या स्थापना दिवसाच्या, आसपास त्या ताटकळण्यात जरा जास्त धार यायची. आबा त्या दिवशी बेळगावची मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिवसाच्या सायकल फेरीला दंडावर काळी फीत लावून जायचे, आणि पुढच्याच रविवारी कन्नड पाळकांना घरी मटणाला बोलवायचे. आईला ते अजिबात पटायचं नाही. "एक काय ते ठरवा गा," म्हणायची.

शिवजयंतीची मिरवणूक आठवते. रात्रभर चित्ररथ, मारुती गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, मी आबांच्या खांद्यावर. "तुम्ही किरिस्तांव ना, मग इथं कशाला?" असं कोणीतरी एकदा विचारलं. आबा म्हणाले, "महाराज काय तुमच्या एकट्याचे काय ओ?" आणि पुढं सरकले. घरी आलो तेव्हा उजाडत होतं आणि तो नेमका रविवार होता. मला वाटलं आज सुट्टी. कसली सुट्टी! तोंडावर पाणी मारून साडेआठच्या उपासनेला. मी बाकावर झोपले, आबांनी झोपू दिलं. पण जायचं म्हणजे जायचं.

ते मला जाचक वाटायचं का? वाटायचं. आणि आज त्या बाकाची आठवण येते का? येते. दोन्ही खरं आहे. यातून तुला काय सांगावं ते मला कळत नाही.

संडे स्कूलमध्ये माझी आवडती गोष्ट बारा वर्षांच्या येशूची होती. आईबाप घरी परत निघालेत आणि हा यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांना प्रश्न विचारत मागं राहतो. सांगितलेलं नाही, विचारलेलं नाही. तीन दिवसांनी सापडतो, मरिया म्हणते असं का वागलास, आम्ही किती घाबरलो. आणि तो उलट तिलाच विचारतो, मला शोधत का होता? आपल्या घरात ह्याला फटका बसला असता. पण लूक पुढं लिहितो की मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. लहानपणी मला ते शेवटचं वाक्य कंटाळवाणं वाटायचं. आता मी मरियेच्या बाजूला आहे, त्यामुळे तेच आधी दिसतं.

पंडिता रमाबाईंचं तुला सांगितलं होतं, बहुतेक कानावरून गेलं असेल. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मग तिथल्या मठातल्या सिस्टर म्हणू लागल्या, आम्ही सांगतो तसंच मान. तेव्हा त्यांनी लिहून कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं काढलंय, दुसरं तसलंच मानेवर घ्यायची तयारी नाही. बायबलमध्ये पौलानं गलतीकरांना हेच लिहिलं आहे, ख्रिस्तानं मोकळं केलंय तर पुन्हा जोखडात अडकू नका. त्याच अध्यायात पुढं असंही आहे की त्या मोकळेपणाचं निमित्त करून मनाला येईल तसं वागू नका, प्रेमानं एकमेकांची सेवा करा. आबा मला फक्त दुसरं वचन पाठ करायला लावायचे. तू मला फक्त पहिलं ऐकवशील, मला माहीत आहे.

आणि एक गंमत बघ. रमाबाईंबरोबर त्यांच्या दोन वर्षांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. तिला कोणी विचारलं? पुढं तिला काय शिकवायचं यावरून रमाबाई सिस्टरांशी वाद घालत राहिल्या. एवढी मोकळ्या मनाची बाई, पण लेकीचं तीच ठरवणार. मला हे वाचून फार बरं वाटलं.

आणि तू म्हणतोस ना, आजी भित्री आहे, सतत "लोक काय म्हणतील"? डिसेंबर 2021 मध्ये बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटकच्या विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. नाताळाला दोन दिवस होते. गल्लीत कुजबुज होती, मी इथून फोन करून सांगत होते की यंदा चांदणी आत लाव, उगाच कशाला. आजी "बरं बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी मला फोटो पाठवला. चांदणी बाहेर गॅलरीत, दरवर्षीच्या खिळ्यालाच. करंज्यांची ताटंही दरवर्षीच्याच घरी गेली. तिला विचारलं तर म्हणाली, "आत लावून कुणाला दिसणार गे?"

तुझं नाही म्हणणं धैर्य आहे की नुसती रविवारची झोप, ते मला इथून दिसत नाही. तुलाही कदाचित अजून दिसत नसेल. मी तुला ओढून नेणार नाही. नेलं तर बसशील, पण फोन खाली धरून. तुझं मन वळवायला हे पत्र लिहिलं नाही असं लिहिणार होते, पण थोडं वळवायलाच लिहिलंय.

दृढीकरणाच्या वर्गाचं महिनाअखेरपर्यंत पाळकांना कळवायचं आहे. हो किंवा नाही, तूच कळव. मेसेज नको, उपासनेनंतर भेटून सांग. आजीलाही मी सांगणार नाही. दर रविवारी ती विचारते, "पोरगं देवळात गेलं काय गे?" यापुढं मी फोन तुझ्या हातात देईन. आधी रडेल, मग ओरडेल, मग जेवलास का म्हणून विचारेल. सगळं ऐकून घे, मध्येच ठेवू नकोस. आणि फोन आपल्या सकाळीच लाव, तिकडचे नऊ वाजले की ती झोपते.

आई