वाचकांचे प्रश्न: काउंटीच्या विकासाचा अग्रक्रम

प्रश्न: मी अमेरिकेतील एका लहान काउंटीत (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागात) राहतो. येथील प्रशासनाने आर्थिक विकासाच्या आराखड्यासाठी रहिवाशांना एक प्रश्नावली दिली असून, तीत दहा विषयांपैकी तीन निवडायचे आहेत. मी अद्याप या देशाचा नागरिक नाही. माझ्या उत्तराला काही किंमत असेल का? आणि ज्या विषयांना जास्त मते, तेच अग्रक्रमाचे ठरतात का?

उत्तर: तुम्ही प्रश्नावली अवश्य भरा. ही निवडणूक नव्हे, त्यामुळे मत मांडण्यासाठी मतदार यादीत नाव असावे लागत नाही. तुम्ही तेथे राहता, काम करता आणि कर भरता, एवढे पुरेसे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे, आणि ते तसेच असावे असे मला मनापासून वाटते. अशा आराखड्यांपैकी बरेचसे १९६५ च्या सार्वजनिक बांधकामे आणि आर्थिक विकास कायद्याच्या चौकटीत तयार होतात. एकटी काउंटी किंवा शेजारच्या काही काउंट्या मिळून पाच वर्षांसाठी सर्वंकष धोरण आखतात. केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्यातील आर्थिक विकास प्रशासनाकडून बांधकामांसाठी अनुदान हवे असेल, तर प्रस्तावित काम या धोरणाशी सुसंगत असावे लागते. धोरणात परिसराची बलस्थाने व उणिवा, संधी व धोके, कृतीचा आराखडा आणि प्रगती मोजण्याचे निकष द्यावे लागतात. म्हणजे लोकांची पसंती हा त्यातील एक धागा झाला. ‘रोजगारवाढ’ या शब्दापुढे कोण खूण करणार नाही? पण नोकऱ्या कमी आहेत, की नोकऱ्या असूनही त्यांना लागणारे कौशल्य नाही, की कौशल्य असूनही लहान मुलांना सांभाळणारे कोणी नसल्यामुळे आई-वडिलांपैकी एकाला घरी बसावे लागते, हे त्या खुणेवरून कळत नाही. आणि या तिन्ही अडचणींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून प्रश्नावलीच्या शेवटी मोकळी जागा असेल, तर तिचा उपयोग खुणांपेक्षा अधिक होतो. ‘वाहतूक सुधारावी’ असे न लिहिता, दुसरी पाळी सुटल्यावर घरी परतायला बस नसते म्हणून आमच्याकडची माणसे ते काम सोडतात, असे लिहावे.

काउंटीच्या हाती काय आहे, याचाही विचार करावा. हे अधिकार राज्याराज्यांत वेगळे असतात. शहराच्या हद्दीतील जमीनवापराचे नियम बहुधा शहरच ठरवते. जी गोष्ट काउंटीच्या अखत्यारीतच नाही, तिला अग्रक्रम देऊन आराखड्याची पाने तेवढी वाढतात. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. बाहेरून मोठा उद्योग आणण्याचे आकर्षण सर्वांनाच असते, पण करसवलती देऊन आणलेले मोठे दुकान पुष्कळदा जुन्या दुकानांचेच गिऱ्हाईक ओढून घेते. गावात आधीपासून असलेल्या व्यवसायांना काय अडते, हे त्यांच्या दारी जाऊन विचारणे कमी दिमाखाचे असले, तरी मला ते अधिक भरवशाचे वाटते.

प्रश्न: मी आमच्या काउंटीच्या सल्लागार समितीवर आहे. जाहीर सभेला नेहमी तीच माणसे येतात. त्यांच्या मतांवर अग्रक्रम ठरवणे योग्य आहे का?

उत्तर: केवळ त्यांच्या मतांवर ठरवणे योग्य नाही, आणि ही शंका तुमच्या मनात आली हे चांगले झाले. संध्याकाळच्या सभेला बहुधा ज्यांना वेळ आणि वाहन आहे तेच येतात. जनगणना विभागाच्या अमेरिकन समुदाय सर्वेक्षणात प्रत्येक काउंटीतील वय, उत्पन्न, घरात बोलली जाणारी भाषा आणि कामावर जाण्यास लागणारा वेळ यांचे पाच वर्षांवर आधारित अंदाज मिळतात. हजेरीपटाशी त्यांची तुलना केली, की कोण आलेच नाही ते दिसते. मग समितीनेच त्यांच्याकडे जावे: पाळी बदलताना कारखान्याच्या दारात, शाळेत मुलांना घ्यायला येणाऱ्या पालकांकडे, ग्रंथालयात, प्रार्थनास्थळी. तेथे ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारण्याऐवजी ‘गेल्या वर्षी तुमचे कोणते काम अडले?’ असे विचारा. उत्तरे अधिक नेमकी येतील.

वर सांगितलेले पाच वर्षांचे धोरण आर्थिक विकास प्रशासनाकडे सादर करण्यापूर्वी त्याचा मसुदा किमान ३० दिवस हरकती व सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. त्या मसुद्यासोबत एक तक्ता जोडण्याचा आग्रह धरा: लोकांनी काय सांगितले, त्यातले काय स्वीकारले, काय वगळले आणि का. वगळण्याचे कारण लिहायला समिती टाळाटाळ करू लागली, तर त्या मुद्द्यावर पुन्हा चर्चा मागा.