वाचक विचारतात : पाटीच्या दगडाचे पापुद्रे

प्रश्न : मुलुंडमधील आमच्या सोसायटीच्या प्रवेशाच्या भिंतीला पाटीचा दगड (स्लेट) लावायचा आहे. शेजारच्या इमारतीत दोन पावसाळ्यांतच त्याचे पापुद्रे सुटले. निवड कशी करावी?

उत्तर : गाळाचा खडक दाबाखाली बदलून पाटीचा दगड तयार होतो. तो पातळ थरांत चिरता येतो हाच त्याचा गुण, आणि थरांत पाणी शिरले की तोच दोष. त्यामुळे दर ठरवण्याआधी नमुना तपासा. तुकडा वजन स्थिरावेपर्यंत उन्हात वाळवा, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. वजन पाव टक्क्याहून जास्त वाढले, म्हणजे 2 किलोमागे 5 ग्रॅमपेक्षा अधिक, तर तो बाहेर लावू नका. नाण्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज हवा; बद्द वाजला तर आत भेग समजा. तांबूस छटांचा दगड दिसतो सुंदर, पण त्यात लोहखनिज असेल तर मुंबईच्या पावसात भिंतीवर गंजाचे ओघळ येतात. बाहेरासाठी एकसारखा करडा किंवा काळा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बिघाड बहुतेकदा लावण्यात होतो. मागे सिमेंटचे चार गोळे ठेवून दगड चिकटवला की मधल्या पोकळीत पाणी साचते. दगडाची पाठ ब्रशने झाडा, टाइल अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरा, 3 ते 5 मिमी सांधा ठेवून भरा. उंचावर स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प हवेतच. वर वॉर्निश नको, ओल आत कोंडते. श्वास घेऊ देणारा, दगडात मुरणारा सीलर लावा. सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड मुळीच वापरू नका.