आठाने भागायचं की दहाने?

प्रश्न : घरी १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. मोठी फाइल उतरवताना आकडा ११.२ च्या वर जातच नाही. तक्रार केली, तर ‘लाइन ओके आहे’ म्हणून माणूस निघून गेला. पैसे शंभरचे आणि मिळतात अकरा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लाइन खरंच ओके आहे. प्लॅनवरचे शंभर हे मेगाबिट, आणि डाउनलोड होताना दिसतात ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८, म्हणजे १२.५. रोमन लिपीत बिटचा बी लहान आणि बाइटचा मोठा काढायची रीत आहे. देवनागरीत ती सोयच नाही, त्यामुळे ‘एमबी’ दोघांनाही चालून जातं आणि घोळ होतो. मराठी जाहिरातीत ‘मेगाबिट’ असं सरळ लिहायला कुणाची हरकत असावी, कळत नाही.

आता १२.५ चे ११.२ कसे झाले? तारेवरून फाइल एकटी जात नाही, लहान लहान पाकिटांत तुकडे होऊन जाते. १,४६० बाइट माल पाठवायचा, तर पत्ते, क्रमांक, तपासणीचे बाइट आणि दोन पाकिटांमधलं अंतर धरून १,५३८ बाइटांची जागा खर्ची पडते. म्हणजे उरले ११.८७. त्यात विंडोज आणि इतर बरीच सॉफ्टवेअर मेगाबाइट मोजतात तो १०,००,००० बाइटांचा नव्हे, १०,४८,५७६ बाइटांचा (१०२४ गुणिले १०२४). त्याला मेबीबाइट असं वेगळं नाव १९९८ मध्येच दिलं गेलं, पण पडद्यावर अजून एमबीच दिसतं. ११.८७ ला १.०४८६ ने भागा, ११.३ येतील. तुमचे ११.२ त्याला लागूनच आहेत.

वाय-फाय बंद करून, केबल लावून, वेगवेगळ्या वेळी तपासल्यावरही आकडा ९ च्या खालीच राहिला, तर मात्र तक्रार जरूर करा.

प्रश्न : प्लॅन २०० चा आहे. मोबाइलवर वाय-फायने १८० येतात, पण लॅपटॉपला केबल लावली की ९४ च्या पुढे काटा सरकत नाही. केबल तर वाय-फायपेक्षा वेगवान असते ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ९४ हा आकडाच दोषाचा पत्ता सांगतो. वरच्या उत्तरातलं १,४६० भागिले १,५३८ शंभरला लावून पाहा, ९४.९ येतात. म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि राउटर २०० वर बोलतच नाहीत, ते १०० वर जुळले आहेत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड पाहा. तिथे १००/१०० दिसेल.

शंभरला केबलमधल्या चारच तारा पुरतात : १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला (म्हणजे हजार मेगाबिटला) आठही लागतात. ४-५ किंवा ७-८ या जोड्यांपैकी (सहसा निळी आणि तपकिरी) एक तार जरी सुटली, तरी जोडणी मुकाट्याने शंभरवर उतरते. दिवा लागतो, नेट चालतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. काही जण टोकाला कनेक्टर दाबून बसवतानाच (क्रिम्प करताना) चार तारा बसवून मोकळे होतात. आधी दुसरी, कारखान्यात जोडलेली कॅट-५ई (गिगाबिटला चालणाऱ्या दर्जाची) केबल लावून बघा. आकडा वाढला, तर जुनीची दोन्ही टोकं कापून नवे आरजे-४५ कनेक्टर (केबलच्या टोकाचे प्लॅस्टिकचे प्लग) बसवा. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. केबल बदलूनही ९४ च राहिले, तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच शंभरचं असणार. स्वस्त राउटरमध्ये हे सर्रास असतं.

प्रश्न : दुकानात चार कॅमेरे आहेत, डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत) १ टीबीची डिस्क. प्रत्येक कॅमेऱ्याचा बिट रेट २०४८ आहे. रेकॉर्डिंग ११ दिवसांतच पुसलं जातं. महिनाभर हवं असेल तर?
– एक दुकानदार, लातूर

उत्तर : एक आकडा पाठ करून ठेवा : सेकंदाला १ मेगाबिट अखंड चालू राहिला, की दिवसाला १०.८ जीबी होतात (८६,४०० सेकंद भागिले ८). तुमच्या सेटिंगमधले २०४८ हे सेकंदाला किलोबिट आहेत. चार कॅमेऱ्यांचे ८,१९२, म्हणजे ८.१९ मेगाबिट, दिवसाला ८८.५ जीबी. १ टीबीचे १,००० जीबी, भागिले ८८.५ म्हणजे ११.३ दिवस. डीव्हीआर डिस्क ९३१ जीबी दाखवतो, पण त्या आकड्याने भागू नका. तो १०२४ च्या मापातला आहे आणि आपला हिशेब १००० च्या.

तीस दिवसांना २,६५५ जीबी लागतील. ३ टीबीत जेमतेम बसेल. ४ टीबी घेतलीत तर ४५ दिवस मिळतात. डिस्क बदलायची नसेल, तर एच.२६५ हा कोडेक (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत) निवडा, पण तेवढ्यावर थांबू नका. बिट रेट ‘कॉन्स्टंट’ (कायम एकच) असेल आणि २०४८ वरच राहिला, तर कोडेक बदलूनही दिवस वाढत नाहीत, फक्त चित्र सुधारतं. तो १०२४ वर आणा, मग साधारण २२ दिवस मिळतील. गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याला मात्र कात्री लावू नका. नोटा आणि चेहरे तिथेच ओळखावे लागतात.

प्रश्न : रोजचा डेटा संपल्यावर ६४ केबीपीएस मिळतं. त्यावर फोटो का जात नाही?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ३ एमबीच्या फोटोला ३७५ सेकंद, म्हणजे सव्वासहा मिनिटं, तीही मध्ये काही अडलं नाही तर. त्याआधीच ॲप बहुधा कंटाळून जोडणी सोडतं. साधा मजकूर जाईल.

प्रश्न : सिरीयल पोर्ट ९६०० बॉडवर ठेवलं. आठाने भागून सेकंदाला १,२०० बाइट यायला हवेत, मोजले तर ९६० च.
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : ९६०० बॉड म्हणजे इथे सेकंदाला ९६०० बिट, पण ते आठाने नाही, दहाने भागा. प्रत्येक बाइटच्या पुढे एक स्टार्ट बिट आणि मागे एक स्टॉप बिट जातो. पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा एक जादा बिट) चालू केलीत, तर अकराने भागा, ८७२ येतील. यूएसबी ३.० लाही दहाच लागू पडतो, कारण तिथे ८ बिट १० करून पाठवतात. म्हणून ५ गिगाबिटांची कमाल ६२५ नव्हे, ५०० मेगाबाइट. पेनड्राइव्ह त्याच्या जवळपासही जात नाही, पण तो दोष पोर्टचा नसून आतल्या चिपचा.