पेंड वाढवली तरी डुकरं वाढेनात!

प्रश्न : माझ्याकडे यॉर्कशायर जातीची २२ डुकरं आहेत, साडेचार महिने झाले पण वजन ३५-४० किलोला अडकलंय. आधी डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा) आणि हॉटेल वेस्टवर होती. ओळखीतला एकजण म्हणाला प्रोटीन वाढव, म्हणून महिनाभर सकाळी डीओआरबी ६० आणि शेंगपेंड ४० असं मिक्स करून देतोय, संध्याकाळी हॉटेल वेस्ट आहेच. खर्च वाढला, वजन जागचं हलत नाही, आणि शेडमधे वास एवढा सुटलाय की शेजारी भांडायला येतात. पेंड अजून वाढवू का?
– एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : अजिबात नको. उलट कमी करा.

हिशोब बघा. डीओआरबीत प्रोटीन साधारण १५ टक्के, शेंगपेंडीत ४३ धरा, म्हणजे तुमच्या मिक्सचं प्रोटीन गेलं २६ टक्क्यांवर, आणि ३५-४० किलोच्या डुकराला लागतं १८. प्रोटीन रग्गड आहे, कमी पडतेय ती एनर्जी. डीओआरबी म्हणजे तेल काढून घेतलेला कोंडा, त्यात उरतो तो चोथा, त्याने पोट भरतं पण ताकद येत नाही. वाढत्या डुकराच्या खाद्यात किलोला ३२००-३३०० किलोकॅलरी पाहिजे, तुमचं मिक्स त्याच्या बरंच खाली आहे. मग डुक्कर काय करतं, महागाचं प्रोटीनच जाळून एनर्जी काढतं, म्हणजे चुलीत सागवान घालण्यातला प्रकार झाला! त्यातला नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो आणि त्याचाच अमोनिया होतो. सकाळी शेडमधे वाकल्यावर डोळे चुरचुरतात ना? ती तुमची पेंड आहे, हवेत चाललेली.

शेंगपेंडीत अजून एक गोची आहे, लायसिन (प्रोटीनमधला एक घटक) सोयापेंडीच्या जवळपास निम्मंच असतं, आणि डुकराचं मांस वाढायला सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिनच. शिवाय कोकणातल्या दमट हवेत पेंडीला बुरशी पटकन धरते.

१०० किलोचं साधं मिक्स सांगतो : मका भरडा ७२ किलो, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) साडेपंचवीस, मिनरल मिक्सचर २, मीठ अर्धा किलो. मक्यात प्रोटीन ९ टक्के आणि डीओसीत ४५ धरलं की बरोबर १८ बसतं. मका दळताना ३ मिमीची जाळी लावा, शेणात पिवळे दाणे दिसले तर समजायचं मका फुकट गेला. डुकरामागे दिवसाला पावणेदोन किलो, म्हणजे २२ डुकरांना साधारण ३८-३९ किलो. एकदम बदलू नका, जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात यावर आणा, नाहीतर हगवण लागेल आणि शिव्या मला पडतील. पाणी मात्र दिवसभर, सुक्या खाद्याच्या अडीच-तीन पट तरी.

हॉटेल वेस्टचं काय, तर त्यात पाऊण भाग पाणीच असतं. २० किलोच्या बादलीत खरं खाद्य ५ किलो, तेही आज भात तर उद्या नुसता रस्सा. द्यायचंच असेल तर जोडीला थोडं द्या, आणि अर्धा तास खळखळून उकळूनच, कारण आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग अशा उष्ट्यातून येऊ शकतो आणि त्यावर औषध नाही.

आधी जंतनाशक दिलंय ना? पत्रात लिहिलं नाही म्हणून विचारतो, ते राहिलं असेल तर वरचं सगळं जंतच खातील.

प्रश्न : हेच मिक्स विकेपर्यंत चालेल का? आणि गिरणीतून राइस पॉलिश (तांदूळ पांढरा करताना निघणारा बारीक कोंडा) स्वस्त मिळतं, ते मक्याच्या जागी घातलं तर?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : साठ किलोनंतर प्रोटीन १५ टक्क्यांवर आणा, मका ८० आणि डीओसी साडेसतरा केलं की झालं, बाकी मिनरल नि मीठ तेवढंच. त्या वयात मांसापेक्षा चरबी धरायला सुरुवात होते, जादा डीओसी घालून काही हाती लागत नाही. खाद्यही मोकळं सोडू नका, पाठीवर चरबी चढली की व्यापारी भाव पाडतो.

पॉलिश चालेल, ताजं असेल तर एनर्जीत मक्याच्या जवळपास जातं, पण १०० किलो मिक्समधे २० किलोच्या वर नको, नाहीतर चरबी मऊ पडते. त्यात तेल असतं म्हणून दोन-तीन आठवड्यात खवट होतं. पोत्यात हात घालून मूठभर काढा आणि वास घ्या, जुन्या तेलासारखा आला तर पोतं गिरणीवाल्याला परत.